अर्धेलीच्या शेतातून आलेले पोप



प्रवचनात मजुरी, जमीन, निर्वासित किंवा शस्त्रास्त्रे असे शब्द आले की मिस्सा संपल्यावर कुणीतरी आम्हांला गाठतेच आणि चर्चमध्ये हे राजकारण कशाला, असे विचारते. प्रश्न प्रामाणिक असतो. त्याचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या भाषेत देता येते, सेमिनरीत आम्ही ती भाषा शिकलो आहोत. पण त्या उत्तराने कुणाचे समाधान झालेले आम्ही फारसे पाहिले नाही. म्हणून या रविवारी एका माणसाचे चरित्र सांगतो. मजुरी, जमीन व युद्ध यांविषयी ख्रिस्तसभेची अधिकृत भूमिका सांगणाऱ्या दोन मोठ्या परिपत्रकांवर त्यांची सही आहे. ते म्हणजे पोप तेविसावे जॉन. ही भूमिका कुठून आली हे पाहायचे तर त्यांच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

उत्तर इटलीत लोम्बार्डी प्रदेशात बेर्गामो नावाचे शहर आहे. त्याच्याजवळ सोत्तो इल मोंते हे खेडे. नावाचा अर्थच डोंगराखालचे गाव. तेथे २५ नोव्हेंबर १८८१ रोजी जोव्हान्नी बात्तिस्ता रोंकाल्ली आणि मारियान्ना माझ्झोला यांना तीन मुलींनंतर पहिला मुलगा झाला. त्याच दिवशी त्याचा स्नानसंस्कार झाला व अँजेलो जुझेप्पे हे नाव ठेवण्यात आले. धर्मपिता झाले वडिलांचे काका झवेरिओ. लग्न न केलेला हा भाविक म्हातारा घरातल्या मुलांचा पहिला धर्मशिक्षक होता.

रोंकाल्ली कुटुंब अर्धेलीने शेती करी. जमीन उमरावाची, राबणूक यांची, आणि पीक निघाले की निम्मे मालकाच्या घरी. मका, द्राक्षे, रेशमाच्या किड्यांसाठी तुती, गोठ्यात गुरे. एका छपराखाली तीसएक माणसे. ताटात बहुतेक वेळा मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पोलेंता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कुळकायद्याच्या आधीचा काळ काढला आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. पुढे पोप झाल्यावर रोंकाल्लींनी शेतकऱ्यांविषयी लिहिले, ते त्यांना कुणा तज्ज्ञाकडून शिकावे लागले नव्हते.

अँजेलो दहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १५ मे १८९१ रोजी, पोप तेराव्या लिओंनी कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. कामगाराला पोट भरेल असे वेतन मिळाले पाहिजे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, आणि दुबळ्यांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, असे ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च पीठावरून तेव्हा स्पष्टपणे सांगितले गेले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेही त्या लिओंची व त्या परिपत्रकाची आठवण ठेवून. पुढच्या वर्षी, १८९२ मध्ये, अँजेलो बेर्गामोच्या सेमिनरीत गेला. तेथून रोम, मध्येच सक्तीची लष्करी नोकरी, आणि १० ऑगस्ट १९०४ रोजी रोममध्येच गुरुदीक्षा.

त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते बेर्गामोचे बिशप जाकोमो रादिनी तेदेस्की यांनी. स्वतः उमराव घराण्यातले, पण कामगारांच्या चळवळीचे मित्र. १९०५ पासून १९१४ साली बिशपांचे निधन होईपर्यंत फादर रोंकाल्ली त्यांचे सचिव होते. १९०९ साली बेर्गामोजवळच्या रानिका येथील कापड गिरणीत संप झाला. प्रश्न होता कामगारांच्या संघटनेच्या हक्काचा. संप लांबला, घरांतल्या चुली थंडावल्या. बिशपांनी संपकऱ्यांच्या मदतनिधीला पैसे दिले आणि सचिवांनी धर्मप्रांताच्या पत्रिकेत त्यांची बाजू मांडली. बेर्गामोतल्या प्रतिष्ठितांना हे रुचले नाही. बिशप संपाला खतपाणी घालतात अशा तक्रारी रोमला गेल्या. फादर रोंकाल्लींचा मुद्दा साधा होता: ख्रिस्ती माणूस जखमी वाटसरूला ओलांडून पुढे जात नाही. चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. गिरणीच्या फाटकाबाहेर तो ऐकणे मात्र पुष्कळांना जड जाते.

मग पहिले महायुद्ध आले. १९१५ साली इटली युद्धात उतरली आणि फादर रोंकाल्लींना वैद्यकीय पथकात सार्जंट म्हणून पुन्हा बोलावण्यात आले. मिशा राखलेले, गणवेशातले त्यांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. पुढे बेर्गामोच्या लष्करी इस्पितळांत ते धर्मगुरू म्हणून काम करू लागले. सीमेवरून येणारी तरुण पोरे, त्यांतली कित्येक शेतकऱ्यांचीच, त्यांच्या डोळ्यांदेखत मेली. युद्धाविषयी पुढे त्यांनी जे लिहिले त्यामागे या खाटांच्या रांगा आहेत.

१९२५ साली त्यांना आर्चबिशप करून बल्गेरियाला पाठवण्यात आले. आज्ञाधारकता आणि शांती हे ब्रीद त्यांनी तेव्हा घेतले. बल्गेरियात कॅथलिक मूठभर, बाकी जनता ऑर्थोडॉक्स. रोमच्या दृष्टीने हे आडबाजूचे ठिकाण होते आणि तेथे ते जवळजवळ दहा वर्षे राहिले. १९२८ साली तेथे मोठा भूकंप झाला तेव्हा ते बेघर लोकांमध्ये गेले, अन्नाची सोय केली. घास देताना कोण कॅथलिक व कोण ऑर्थोडॉक्स हे पाहिले नाही. त्यानंतर १९३५ पासून तुर्कस्तान व ग्रीस. तुर्की सरकारने त्याच वर्षी सर्व धर्मांच्या पुरोहितांना रस्त्यावर धार्मिक पोशाख घालण्यास बंदी केली. आर्चबिशपांनी मुकाट्याने कोट-पाटलोण चढवली, आणि उपासनेत काही भाग तुर्की भाषेत म्हणायला सुरुवात केली. ज्या देशात राहायचे त्या देशाच्या भाषेत प्रार्थना व्हावी, हा विचार त्यांच्या मनात विश्वपरिषदेच्या कितीतरी आधीपासून होता. आज आपण मिस्सा मराठीत अर्पण करतो तेव्हा हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा इस्तंबूल हे तटस्थ देशातले शहर होते. हेर, दूत आणि पळून आलेली माणसे यांनी ते भरून गेले. नाझींच्या तावडीतून सुटलेल्या ज्यूंचा पॅलेस्टाईनकडे जाण्याचा एक मार्ग तेथून जाई. ज्यू संस्थेचे प्रतिनिधी हाइम बार्लास आर्चबिशपांच्या दारी वारंवार येत. स्थलांतराची प्रमाणपत्रे व्हॅटिकनच्या टपालातून हंगेरीला पाठवणे, रोमला तारा करणे, ओळखीच्या राज्यकर्त्यांना पत्रे लिहिणे, अशी कामे ते करीत राहिले. बल्गेरियाचे राजे बोरिस यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती. राजांच्या विवाहविधीवरून १९३० साली दोघांचे बिनसलेही होते. तरी १९४३ मध्ये ज्यूंसाठी त्यांनी राजांकडे रदबदली केली. बल्गेरियातल्या ज्यूंची पाठवणी शेवटी थांबली, त्यात तेथील ऑर्थोडॉक्स बिशपांचा व काही लोकप्रतिनिधींचा वाटा मोठा होता. बल्गेरियाने बळकावलेल्या थ्रेस व मॅसिडोनियातील ज्यू मात्र वाचले नाहीत. संतांच्या चरित्रात असे अपुरेपण झाकण्याची रीत आहे. आम्हांला ती बरी वाटत नाही.

१९४४ च्या डिसेंबरात त्यांची पॅरिसला पोपचे राजदूत म्हणून नेमणूक झाली. जर्मनांशी हातमिळवणी केल्याचा ठपका ठेवून नवे फ्रेंच सरकार पुष्कळ बिशपांना हटवू पाहत होते. रोंकाल्लींनी शांतपणे एकेक प्रकरण तपासायला लावले आणि अखेर मोजक्याच बिशपांना जावे लागले. आम्हांला त्या काळातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. शार्त्र शहराजवळ युद्धकैद्यांची एक छावणी होती. तेथे फादर फ्रान्स श्टॉक हे जर्मन धर्मगुरू कैदी झालेल्या जर्मन सेमिनरी विद्यार्थ्यांना शिकवीत. काटेरी तारांच्या आत चालणारी सेमिनरी! फ्रान्समध्ये तेव्हा जर्मन शब्द उच्चारला तरी लोक चवताळत. पोपचे राजदूत त्या छावणीत अनेकदा गेले, आणि तेथल्या तरुणांना त्यांनी गुरुदीक्षाही दिली.

१२ जानेवारी १९५३ रोजी ते कार्डिनल झाले. त्याच दिवशी त्याच यादीत आपल्या मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांचेही नाव होते. ते भारताचे पहिले कार्डिनल. रोंकाल्लींच्या डोक्यावर लाल टोपी ठेवली ती फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ओरिओल यांनी, जे समाजवादी होते आणि देव मानत नव्हते. दोघांची मैत्री होती. पुढे व्हेनिसचे पॅट्रिआर्क असताना १९५७ मध्ये तेथे समाजवादी पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा रोंकाल्लींनी शहरातल्या पाहुण्यांचे जाहीर स्वागत केले. पुष्कळ कॅथलिकांच्या भुवया उंचावल्या.

२८ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांची पोप म्हणून निवड झाली. मतदान करणाऱ्या कार्डिनलांत कार्डिनल ग्रेशसही होते. वय सत्त्याहत्तरला टेकलेले. चार दिवस गादी सांभाळणारा म्हातारा, असेच बहुतेकांनी धरले होते. पहिल्याच नाताळात ते लहान मुलांच्या इस्पितळात गेले आणि दुसऱ्या दिवशी रोमच्या रेजिना चेली तुरुंगात. व्हॅटिकनमधल्या नोकरांचे पगार त्यांनी वाढवले, मोठ्या कुटुंबवाल्यांना अधिक. त्यामुळे दानधर्माला पैसे कमी पडतील अशी शंका काढली गेली तेव्हा आधी न्याय आणि मग दानधर्म, असा त्यांचा कौल पडला असे सांगितले जाते. हा क्रम आपल्यालाही अवघड जातो. नाताळात घरकामाच्या बाईला साडी द्यायला आपण तयार असतो, तिच्या पगाराचा विषय मात्र पुढच्या महिन्यावर जातो.

त्यांच्या सगळ्याच निर्णयांचे गोडवे गाता येत नाहीत. फ्रान्समध्ये काही धर्मगुरू कारखान्यांत मजूर म्हणून काम करीत होते. १९५९ साली, याच पोपच्या कारकिर्दीत, रोमने त्यावर पूर्ण बंदी घातली. रानिकाच्या संपकऱ्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याच्या हातून हे झाले याचे आम्हांला आजही नवल वाटते. बंदी त्यांच्यानंतर, १९६५ साली, उठली.

रेरुम नोव्हारुमला ७० वर्षे झाली त्या निमित्ताने १५ मे १९६१ या तारखेचे 'मातेर एत माजिस्त्रा' हे परिपत्रक निघाले. नावाचा अर्थ माता आणि गुरू, म्हणजे ख्रिस्तसभा. वेतन केवळ बाजारभावावर सोडता येत नाही, ते न्यायाला धरून असावे. आणि कामगाराला कारखान्याच्या कारभारात व शक्य तेथे मालकीतही वाटा मिळावा, असे त्यात आहे. पण आम्ही हे परिपत्रक वाचतो तेव्हा शेतीच्या भागावर थांबतो. शेतकरी गाव सोडून शहराकडे का धावतो, हा प्रश्न पोप विचारतात, आणि उत्तर अगदी व्यवहारातले देतात. खेड्यात रस्ते हवेत, पिण्याचे पाणी हवे, दवाखाना व शाळा हवी. शेतकऱ्याला परवडेल अशा व्याजाने कर्ज मिळावे. पिकाचा विमा असावा, मालाला रास्त भाव मिळावा, कर बसवताना त्याचे उत्पन्न उशिरा व बेभरवशाचे येते हे पाहावे. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था कराव्यात, कारण एकट्याचा आवाज वाऱ्यावर जातो. आणि एकीकडे माणसे उपाशी असताना दुसरीकडे भाव टिकवण्यासाठी धान्य नष्ट करणे हा न्यायाचा व माणुसकीचा भंग आहे. अर्धेलीच्या शेतात वाढलेला मुलगा येथे बोलतो आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. श्रीमंत देशांनी गरीब देशांना मदत करावी, पण त्या मदतीच्या दोरीने त्यांना बांधू नये, हेही त्यांनी बजावले. वसाहती नुकत्याच स्वतंत्र होत होत्या. इशारा वेळेवर होता.

११ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांनी बोलावलेली दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद सुरू झाली. सप्टेंबरातच त्यांना पोटाचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. परिषद सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तोच क्युबाचे संकट उभे राहिले. सोव्हिएत रशियाने क्युबात अण्वस्त्रे डागणारी क्षेपणास्त्रे बसवली होती आणि २२ ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाची सागरी नाकेबंदी जाहीर केली. रशियन जहाजे त्या दिशेने निघालेलीच होती. भारतात मात्र सगळ्यांचे डोळे उत्तर सीमेकडे होते, कारण २० ऑक्टोबरला चीनचे सैन्य चाल करून आले होते. त्या आठवड्यात जग किती काठावर उभे होते हे आपल्याकडे पुष्कळांना नंतरच कळले.

पोपनी रातोरात एक संदेश तयार केला. तो आधी दोन्ही देशांच्या वकिलातींत पोचवला गेला आणि २५ ऑक्टोबरला दुपारी त्यांनी व्हॅटिकन रेडिओवरून फ्रेंच भाषेत स्वतः वाचला. दोष कुणालाच दिला नव्हता. जगभरातून शांतीसाठी उठणारा आक्रोश राज्यकर्त्यांनी ऐकावा आणि बोलणी करावीत, एवढीच विनवणी होती. दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या प्राव्दा या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने तो छापला. देव न मानणाऱ्या सत्तेच्या वर्तमानपत्रात पोपचा संदेश! २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे मान्य केले. युद्ध या संदेशामुळेच टळले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण माघार घेणाऱ्याला मान न गमावता मागे येण्यासाठी एक पायरी लागते, ती त्याने दिली. काही महिन्यांनी, १८ वर्षे कैदेत असलेले युक्रेनचे आर्चबिशप स्लिपी यांची सुटका झाली. मार्च १९६३ मध्ये ख्रुश्चेव्ह यांची मुलगी व जावई यांना पोपनी भेट दिली.

त्यांना आता फार दिवस उरले नव्हते आणि ते त्यांना ठाऊक होते. मोन्सिन्योर पिएत्रो पाव्हान यांच्या मदतीने त्यांनी आणखी एक परिपत्रक तयार केले. 'पाचेम इन तेरीस', म्हणजे पृथ्वीवर शांती. तारीख ११ एप्रिल १९६३, पवित्र गुरुवार. परिपत्रके तोवर बिशपांना, धर्मगुरूंना व भाविकांना उद्देशून लिहिली जात. हे त्यांबरोबरच सद्भावनेच्या सर्व माणसांना लिहिलेले होते. न्यूयॉर्क टाइम्सने ते संपूर्ण छापले.

येथे थोडे तत्त्वज्ञान सोसावे. शांती म्हणजे बंदुका गप्प असणे, अशी आपली समजूत असते. पोपचा विचार वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. प्रत्येक माणूस ही बुद्धी व स्वतंत्र इच्छा असलेली व्यक्ती आहे, म्हणून त्याला हक्क आहेत, आणि ते कुठल्याही सरकारने दिलेले नाहीत. जगण्याचा हक्क, अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, काम व रास्त वेतन, संघटना, सदसद्विवेकबुद्धीनुसार देवाची उपासना, देश सोडून दुसरीकडे जाऊन राहणे. प्रत्येक हक्काला कर्तव्याची जोड आहे. मग नागरिक आणि सरकार, देश आणि देश, शेवटी सगळे जग, अशा पायऱ्या चढत ते जातात. सत्य, न्याय, प्रेम व स्वातंत्र्य या चार खांबांवर शांती उभी राहते. एक काढला तर छप्पर खाली येते. मजुरीचा प्रश्न आणि युद्धाचा प्रश्न हे ख्रिस्तसभेने एकाच कागदावर का आणले, ते या बांधणीवरून कळते. कामगारांची उन्नती, स्त्रियांचा सार्वजनिक जीवनात प्रवेश आणि वसाहतींचे स्वातंत्र्य ही त्यांनी काळाची लक्षणे मानली. शस्त्रांच्या तोलावर उभी असलेली शांती ही भीती आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. सर्वांनी एकाच वेळी शस्त्रे कमी करावीत, अण्वस्त्रांवर बंदी यावी, आणि या अणुयुगात हिरावलेला हक्क परत मिळवण्याचे साधन म्हणून युद्धाकडे पाहणे बुद्धीला पटणारे नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली हिरोशिमात आणखी एक पाऊल टाकले आणि अण्वस्त्रे बाळगणेही अनैतिक ठरवले.

चूक आणि चुकणारा माणूस यांत फरक करावा, असेही त्या परिपत्रकात आहे. कम्युनिस्टांशी बोलण्याचे दार त्याने किलकिले झाले आणि टीकेचे मोहोळ उठले. त्याच महिन्याच्या अखेरीस इटलीत निवडणुका झाल्या, कम्युनिस्टांची मते वाढली, आणि त्याचे खापर मरणाच्या दारात असलेल्या पोपवर फोडले गेले. भोळा म्हातारा, असे त्यांना म्हणण्यात आले. आमच्या मते ते भोळे नव्हते. दोन महायुद्धे, दुष्काळ, तुरुंग व छावण्या पाहिलेला माणूस तो. टीकाकारांतल्या कितीजणांनी इस्पितळात सैनिकांचे डोळे मिटले होते?

३ जून १९६३ रोजी, पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्यांनी देह ठेवला. खाली संत पेत्राच्या चौकात मिस्सा नुकतीच संपत होती. सोत्तो इल मोंतेहून भाऊ व बहीण आले होते. पोपचे भाऊ शेवटपर्यंत शेतकरीच राहिले. घराण्याला पदव्या, पैसा काही मिळणार नाही, हे त्यांनी त्यांना आधीच प्रेमाने कळवले होते, आणि मागे ठेवण्याजोगे त्यांच्याजवळ काही नव्हतेही. ३ सप्टेंबर २००० रोजी त्यांना धन्यवादित आणि २७ एप्रिल २०१४ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले. त्यांचा सण ११ ऑक्टोबरला, विश्वपरिषद सुरू झाली त्या तारखेला असतो.

त्यांच्यानंतर आलेले पोप सहावे पॉल १९६४ च्या डिसेंबरात युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले. जगातील राष्ट्रांनी शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग गरिबांसाठीच्या निधीत घालावा, हे आवाहन त्यांनी मुंबईतूनच केले. १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी त्याची आठवण दिली आहे. त्या वेळी ओव्हल मैदानावर आईवडिलांच्या खांद्यावर बसून पोपना पाहिलेली मुले आज सत्तरीच्या आसपास आहेत. आपल्या धर्मग्रामात अशी मंडळी असतील तर त्यांनी आपल्या आठवणी, जमल्यास छायाचित्रे, चर्चच्या कार्यालयात आणून द्यावीत. पुढच्या एखाद्या अंकात आम्ही त्या आनंदाने छापू.